या पत्त्यावरची दुसरी व्यक्ती

३ मार्च, सोमवार

नाही म्हणाले. एका शब्दात सांगता आलं असतं, त्याला कौन्सिलला तीन परिच्छेद लागले.

मी मागितलं काय होतं? एकट्या राहणाऱ्या पेन्शनरांना घरपट्टीत जादा सवलत असते. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, कौन्सिलने तर नाहीच. मैत्रीण नलिनी, तीही एकटीच, तिच्याकडून कळलं मागच्या महिन्यात. तिला मागच्या वर्षांचीसुद्धा मिळाली, विनातक्रार. म्हणून मीही मागितली, हे गेले तेव्हापासूनची. ह्यांच्या मृत्यूचा दाखला जोडला. (प्रत. मूळ कागद कुणाच्या हातात देणार नाही.)

उत्तर असं: "आमच्या नोंदींनुसार या पत्त्यावर दुसरी प्रौढ व्यक्ती राहते. त्यामुळे आपला अर्ज मंजूर करता येत नाही."

कोण? या घरात मी आहे. मागे लिंबाचं झाड आहे. सकाळी कॉकाटू, ते पांढरे पोपट, येतात, लिंबं कुरतडून खाली फेकतात. त्यांच्यातलं प्रौढ कोण ते कौन्सिलने येऊन ठरवावं.

पत्र लाल पेन्सिलीने तपासलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटनी लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.

४ मार्च, मंगळवार

कौन्सिलला फोन. आधी गाणी ऐकवतात, म्हणजे माणूस थकून ठेवून देतो. मी ठेवला नाही. शेवटी टॅमी नावाची मुलगी आली.

म्हटलं, "माझ्याबरोबर कोण राहतं ते सांग बाई, म्हणजे त्याला निदान भांडी घासायला लावते."

हसली. "फाईल बघावी लागेल, डार्ल."

डार्ल! डार्लिंग म्हणायचंय तिला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी. तिच्या आजीला डार्ल म्हणते का ही?

पण मुलगी वाईट नाही. फेरविचाराचा अर्ज कसा करायचा ते नीट सांगितलं. फाईलची प्रत मागायचा हक्क आहे म्हणाली. दोन्ही केलं आजच्या आज.

६ मार्च, गुरुवार

हॉलवर सीनियर्सची भेट. भजी, कराओके, गुडघ्यांचे आजार. सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. नलिनी भजं खाता खाता थांबली. म्हणाली, "उषा, तुझे बूट तर नसतील बघितले कुणी?"

बूट. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

हे गेले त्या वर्षी आमच्या गिरावीन उपनगरात घरफोड्या फार होत होत्या. तेव्हा आम्हा एकट्या बायकांना नलिनीनेच शिकवलेला हा बंदोबस्त. दारात पुरुषाचे बूट ठेवायचे. दोरीवर एखादा शर्ट. दारावर कुणी अनोळखी आला की "मिस्टर आत आहेत" म्हणायचं. नलिनीचे यजमान होते सात नंबरचे, हडकुळे. तिने ऑप शॉपमधून, जुन्या वस्तूंच्या दुकानातून, बारा नंबरचे आणले. ठेवायचाच तर दणकट ठेवू, म्हणाली.

माझ्या दारात ह्यांचेच आहेत. तपकिरी, लेसचे. रोज सकाळी त्यांची जागा बदलते, नाहीतर बघणाऱ्याला कळतं. एक दिवस टाचा भिंतीकडे, एक दिवस टोकं. दर रविवारी पॉलिश. ही युक्ती आहे हे विसरूनच गेले होते. दूध तापवावं तसं झालंय ते.

१४ मार्च, शुक्रवार

फाईल आली. दोन नोंदी आहेत. 

एक, मागचं मोठं झाड तोडायला कौन्सिलची माणसं आली होती तेव्हाची. "मालकीणबाई दारात भेटल्या. पती आत झोपले आहेत, मशीनचा आवाज कमी ठेवा असे सांगितले. दारात पुरुषाचे बूट."

अहो, दारात चार धिप्पाड माणसं करवती घेऊन उभी. मी काय म्हणायचं होतं? या, घरात मी एकटीच आहे?

दोन, त्यानंतरची. "फोन केला. उचलला नाही. पुरुषाच्या आवाजात निरोप."

तो ह्यांचा आवाज. फोनला अजून तेच जुनं निरोपाचं मशीन आहे. आम्ही आत्ता घरी नाही, निरोप ठेवा, असं इंग्रजीत म्हणतात, आणि मग खाकरतात. रेकॉर्डिंग बंद झालं समजून खाकरले होते. तेव्हा मी म्हटलं होतं, पुन्हा करा, हे काय. म्हणाले, करू की.

हॅरिस पार्कला सामान आणायला गेले की तिथून कधी कधी घरी फोन लावते. कुणीच नसतं उचलायला, हे माहीत असून. खाकरेपर्यंत ऐकते. मग मेथी घेते.

१५ मार्च, शनिवार

स्वाती, मेलबर्नहून. माझी एकुलती एक, क्लेटनला प्रयोगशाळेत असते. सगळं ऐकून घेतलं तिने, मधे मधे मुलीला ओरडत.

"आई, ऑनेस्टली, सरळ सांग ना त्यांना. ते बूट प्रॉप आहेत म्हणून."

प्रॉप. बापाचे बूट.

"आणि ते मशीन बदल आता. इट्स क्रीपी, आई. मी फोन केला की मला दर वेळी..."  

मग एकदम व्यवहारी झाली. "हे सोडू नकोस पण. कौन्सिलच्या फाईलमध्ये पुरुष आहे आणि पेन्शनवाल्यांना एकटी सांगितलंयस. उद्या त्यांनी विचारलं तर? जोडप्याला पेन्शन वेगळी असते."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे आता सवलत राहिली बाजूला, मीच खोटारडी ठरणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधातल्या चुका काढल्या, आणि आता माझ्या नावावर...

१९ मार्च, बुधवार

फेरविचाराच्या अर्जाला जोडायला पत्र लिहिलं. दीड पान. बुटांची हकीकत, झाडाची, मशीनची. ठणठणीत इंग्रजी. शेवटी एक वाक्य हवं होतं, मी या घरात एकटी राहते. ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. का ते कळलं नाही. सत्य आहे, व्याकरण सोपं आहे.

लिहिलं. पोस्टात टाकलं. येताना देवळाच्या बाहेर गाड्यांची रांग, कुठलासा सण असावा तमिळांचा.

२७ मार्च, गुरुवार

टॅमीचा फोन. गोड आवाजात असलं बोलली की अजून कान तापलेत.

"तुमचे मिस्टर वारले हे आम्ही मान्य करतो, मिसेस. दाखला आहे. पण त्यानंतर आमच्या माणसाला घरात पुरुष झोपलाय असं सांगितलं गेलं. तर मग झोपलं कोण होतं?"

"कुणीही नाही. मी तसं नुसतं म्हटलं."

"बरोबर आहे. पण आम्हाला हे कसं कळावं?"

म्हणजे माझ्या घरात ह्यांच्या माघारी कुणीतरी आणून ठेवलाय मी! आणि तोही दिवसाढवळ्या झोपणारा! म्हटलं, "बाळ, मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे शेजारच्या शाळेचा मुलगा भिंतीवरून दिसला तरी खिडक्या बंद करत."

ती हसली नाही. टाईप करत होती.

आता दोन शपथपत्रं हवीत. एक माझं, मी एकटी राहते म्हणून. दुसरं शेजारच्या कुणाचं तरी, ज्याला रोज घर दिसतं. आणि त्यांचं माणूस येऊन घर बघून जाणार.

दुसऱ्याची काळजी नाही. कुंपणापलीकडचा केव्हिन देईल.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. विधवेने उभारावी का असं हॉलवर एकीने विचारलं होतं. तिला म्हटलं, मग काय कौन्सिल येणार आहे का उभारायला?

पडद्याचा दांडा, ह्यांनी इथे आल्यावर शोधून काढलेला. कडुलिंब नाही म्हणून कढीपत्ता. पूर्वी हे बांधायचे आणि शेजारचा केव्हिन शिडी धरायचा. आता केव्हिन बांधतो, मी शिडी धरते. आयुष्यभर बस चालवली त्याने, बायको गेली, आता टोमॅटो लावतो. गाठ पक्की मारतो.

खाली उतरल्यावर कागद पुढे केला. म्हटलं, एक सही हवी, मी एकटी राहते एवढंच. त्याने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग परत दिला.

"नाही जमणार, लव."

"का?"

"शपथेवर आहे ना हे."

"मग?"

"मी विनला बघतो ना." (ह्यांना तो विन म्हणायचा. विनायक त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही.)

"बघायचास."

"बघतो. मागच्या पायरीवर, तीनच्या सुमाराला. अगदी रोज नाही. मी हात करतो. तो उलट करत नाही, पण तसं पूर्वीही कुठे करायचा."

त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा करताना त्याचे कान लाल होतात. झाले नव्हते.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुला ठाऊक असेल."

त्याच्यासाठी काढलेली श्रीखंडाची वाटी परत फ्रिजमध्ये ठेवली. मग लाज वाटली. कुंपणावरून दिली. 

३१ मार्च, सोमवार

स्वातीला सांगितलं. ती म्हणाली, ओह नो, पुअर केव्हिन, त्याच्या मुलाला कळवायला हवं, सुरुवात अशीच होते.

असेल. पण केव्हिन परवाच माझं पाण्याचं बिल चुकीचं आहे म्हणून भांडून दुरुस्त करून आला. कुठल्या बसचा मार्ग कधी बदलला, सगळं सांगतो.

शर्ट दोरीवर घातला. सोमवार म्हणून. ह्यांचा निळा चौकड्यांचा.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळीच कुंपणाशी गेले. शाळेतल्यासारखी उलटतपासणी. काय घातलेलं असतं? तो तपकिरी स्वेटर, कोपर उसवलेला. टोपी? कधी कधी. काय करत असतो?

"एक बूट काढून बसतो. डावा. पाय चोळतो."

ह्यांना डाव्या तळव्याला भोवरी होती. दुपारी पायरीवर बसून तोच चोळायचे, आणि त्याच हाताने मटार सोलायला घ्यायचे, म्हणून मी ओरडायचे.

बरं, हे केव्हिनने हे असतानाही बघितलं असेल. बघितलंच असेल. आठवण आणि नजर यांची गल्लत होते या वयात. माझीही होते. मी एवढंच विचारलं, "तब्येत कशी वाटते?"

माझ्याच तोंडून काय गेलं ते मला नंतर कळलं. केव्हिनने मात्र विचार करून उत्तर दिलं. "ठीक वाटते. दमलेला नाही वाटत."

शेवटी शेवटी फार दमले होते.

३ एप्रिल, गुरुवार

हॉलवर गेले नाही. तीनला मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. पायरी रिकामी. सरडा आला, तो निळ्या जिभेचा, ऊन खाऊन गेला.

४ एप्रिल, शुक्रवार

बसले. काही नाही. केव्हिनने कुंपणावरून हात केला. कुणाला, ते विचारलं नाही.

राग आला. त्याचा नाही, ह्यांचा. इतकी वर्षं संसार केला. तुमचे बूट पॉलिश करतेय, शर्ट वाळत घालतेय, आणि दिसता कुणाला, तर शेजारच्या बस ड्रायव्हरला? हॉस्पिटलात तेच. दिवसभर मी बसून होते उशाशी. नर्स म्हणाली, जा, चहा घेऊन या. आले तर पडदा ओढलेला. माझ्यासमोर काहीच करायचं नाही का तुम्ही?

मोठ्याने बोलले बहुतेक. सरडा पळाला.

६ एप्रिल, रविवार

आज घड्याळं एक तास मागे. स्वयंपाकघरातलं केलं, मायक्रोवेव्हचं जमत नाही. आणि मग ओवनसमोर उभी राहून विचार करत बसले की तीन म्हणजे आता कुठले तीन. जुने तीन की नवे? त्यांना कळलं असेल का घड्याळ बदलल्याचं? जिवंतपणी कधी लक्षात राहिलं नाही, दर वर्षी एक तास आधी तयार होऊन बसायचे.

नव्या दोनला बसले ते नव्या साडेतीनपर्यंत. मी. एम. ए. इंग्लिश.

कुणी नाही.

१० एप्रिल, गुरुवार

कौन्सिलचं पत्र. मंगळवारी टॅमी स्वतः येणार घर बघायला.

स्वातीने फोनवर यादी केली. बूट आत. शर्ट आत. मशीनवर माझा आवाज. मशीनचं जमलं नाही. बटण दाबलं की जुनं पुसलं जाईल असं लिहून येतं. दाबलं नाही. वायर काढून ठेवली फक्त.

बूट उचलले. आतून उबदार लागले. ऊन होतं दारात, म्हणून. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, ह्यांच्या सुटांच्या खाली. जिथे होते तिथे फरशीवर दोन फिके डाग राहिलेत पावलांच्या आकाराचे. घासले, जात नाहीत.

१५ एप्रिल, मंगळवार

टॅमी येऊन गेली. वाटली होती तशी नाही, पन्नाशीची आहे, गुडघा दुखतो तिचा. चहा घेतला, दोन चकल्या. एक टूथब्रश, एक उशी, सगळं टिपून घेतलं. कपाट उघडायला सांगितलं नाही. मी आपणहून म्हटलं नाही.

जाताना म्हणाली, "माझ्याकडून सगळं ठीक आहे. शेजाऱ्याचं आणि तुमचं शपथपत्र तेवढं पाठवा. गुरुवारी चोवीसला मुदत संपते, शुक्रवारी सुट्टी आहे. मग फाईल बंद, नाव साफ."

मग दारात थांबली. "माझीही आई असंच करते. बाबा गेल्यापासून त्यांची कॅप गाडीत पुढे ठेवते."

"चोरांसाठी?"

"ती तसं म्हणते."

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

शाळेत या दिवशी आम्हा हिंदू मुलींनाही चॅपलमध्ये बसवत. मूर्तींवर जांभळं कापड टाकलेलं असे. कापडाखाली कोण आहे ते आकारावरून ओळखायचा आमचा खेळ.

सकाळी केव्हिन कुंपणाशी आला. हॉट क्रॉस बन आणले होते. जरा घुटमळला.

"उषा, विन बरा आहे ना?"

मी बघत राहिले.

"म्हणजे... दिसला नाही बरेच दिवस. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून."

त्याला मी बुटांचं काही बोलले नव्हते. बूट पुढच्या दारात असायचे. त्याच्या बाजूने पुढचं दार दिसत नाही.

बन तसाच हातात राहिला माझ्या.

२२ एप्रिल, मंगळवार

केव्हिनने बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. म्हणाला, "तो कागद आण. लायब्ररीत जे. पी. बसते आज, शपथेच्या कागदांवर शिक्का मारणारी, तिच्यासमोर करायची ना सही?"

"पण तू तर म्हणालास..."

"तेव्हा खोटं झालं असतं." टोपी हातात फिरवत राहिला. "आता रोज बघतो मी, लव. आता खरंच तू एकटी आहेस."

किती हळू म्हणाला. कौन्सिलने ते वाक्य मागितलं, स्वातीने म्हटलं, मी स्वतः लिहिलं. पण ऐकलं आज.

त्याच्या गाडीतून गेलो. जे. पी. म्हणजे एक तरुण मुलगी, हिजाब घातलेली, फार नीटस. केव्हिनला विचारलं, हे सगळं तुमच्या माहितीप्रमाणे खरं आहे? तो म्हणाला, हो, आता आहे. तिने वर बघितलं, मग शिक्का मारला.

मग माझ्याकडे वळली. "आणि तुमचं, आंटी?"

म्हटलं, चष्मा घरी राहिला.

चष्मा गळ्यात होता. तिने बघितला. केव्हिननेही.  "गुरुवारी दिवसभर आहे मी," ती म्हणाली.

२३ एप्रिल, बुधवार

स्वाती: "केव्हिनने केली सही? यस! आई, डन! उद्या तू जाऊन ये, बास."

बास.

मी तिला म्हटलं, समज, एखाद्याला जागा लागते. उतरवून ठेवलेले बूट, वाळत घातलेला शर्ट. समज, त्याला वाटलं की आपलं आहे इथे, म्हणून तो येऊन बसतो. आणि मग बायकोच सगळं गुंडाळून कपाटात ठेवते, सरकारी मुदतीत.

 मग, "आई, मी या वीकेंडला येऊ का?"

"ये. पण त्यासाठी येऊ नकोस."

"बाबा तुला दिसले?"

"मला कसले दिसतात."

"मला स्वप्नातसुद्धा नाही दिसत," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. रडत असली तरच अख्खं वाक्य मराठीत बोलते.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी मशीनची वायर जोडली. कपाटातून बूट काढले. पुढच्या दारात नाही ठेवले. ती युक्ती होती, आणि चोरांसाठी ठेवायला नलिनीकडून बारा नंबरचे आणीन. मागच्या पायरीवर ठेवले, उजव्या बाजूला, जिथे ते बसायचे. डाव्याची लेस सोडून.

सवलतीची मला गरज नाही असं नाही. आहे. छप्पर गळतंय मागचं. आणि नाव साफ व्हायला हवं, ते तर हवंच. मी खोटं बोलले नाही आणि कुणाला घरात आणून ठेवलं नाही. शपथेवर खरं सांगायला मी केव्हाही तयार आहे. खरं काय आहे तेवढं मला कुणी सांगा.

दुपारी फोन वाजला. उचलला नाही. ह्यांचा आवाज, मग खाकरणं, मग टॅमी.  "मिसेस, शेजाऱ्यांचं ईमेलने मिळालं, थँक यू. तुमचं पाचच्या आत आलं तर आजच संपवते. तुम्ही एकट्या राहता, एवढंच. मला नुसतं तुमच्या सहीने हवंय." मग जरा थांबून, "टेक केअर, डार्ल."

या वेळी राग नाही आला.

लायब्ररी चालत जायला फार लांब नाही. वेळ आहे अजून.

इथे पायरीवर बसून लिहितेय. डाव्या बाजूला. शपथपत्र वहीत, पेन हातात. चहा दोन कप केला, सवयीने, आता ओतून कसा टाकायचा. दोरीवर शर्ट आहे, गुरुवार असला तरी. वारा नाही.

मी उजवीकडे बघत नाही. इतके दिवस बघून काही झालं नाही. बघायचं ते केव्हिनच बघेल. त्याला दिसले तर तो काल-परवाचा कागद खोटा, मग मी माझाही देणार नाही, कौन्सिलने काय हवं ते लिहावं. नाही दिसले तर उठेन, चप्पल घालेन, जाईन आणि सही करेन. एकटी.

तीन वाजले. नवे.

कुंपणापलीकडे केव्हिन टोमॅटोंना पाणी घालतोय, पाठमोरा. मी हाक मारणार नाही. नळ बंद केला त्याने. पाईप गुंडाळतोय. आता वळेल.